डॉक्टर धोट्यांचा खडा

डॉक्टर धोटे स्वतःच्या घरात चोरासारखे चालत. भर मे महिन्यात, घराचे पत्रे तव्यासारखे तापलेले असताना, हा माणूस पायांत लोकरी मोज्यांचे दोन दोन जोड घालून, टाचा उचलून, भिंतीच्या कडेकडेनं सरकत असे. दाराची कडी दोन बोटांत धरून अशी खाली सोडत, जशी ती कडी नुकतीच झोपली आहे. शिंक आली की अंगणात धावत येत आणि तिथे शिंकत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणीतरी फार आजारी आहे.

आजारी कुणी नव्हतं. घरात एक खडा वाढत होता.

नंदनवनात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या घराचे मालक उमरेडला राहत. त्यांनी घराचे दोन भाग करून एक आम्हाला आणि एक धोट्यांना दिला होता. मधे एक भिंत, पुढे एकच पडवी, मागे एकच अंगण. आमचे हे वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. सकाळी सातला सायकल काढत, ते थेट दिवेलागणीला परत येत. धोटे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. दारावर ‘डॉ.’ लिहिलेलं पाहून सुरुवातीला लोक खोकला घेऊन येत. धोटे त्यांना खोकल्याबद्दलच रागावत. “इथे खोकलू नका जी! सारं हालते!”

हलू नये, हा त्यांच्या आयुष्याचा सारांश होता. “चळलं की मळलं,” असं ते दिवसातून दहा वेळा म्हणत. दूधवाल्यानं किटली आपटली, चळलं की मळलं. आमच्या ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली, चळलं की मळलं. त्यांनी पडवीत पाण्यानं भरलेली एक पितळी परात कायमची मांडून ठेवली होती. गल्लीत काही धडधडलं की परातीतल्या पाण्यावर वर्तुळं उठत, आणि धोटे ती पाहून गुन्हेगार ओळखत. बारीक वर्तुळं म्हणजे कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. जाड म्हणजे टेम्पो. मधली म्हणजे आमचा खलबत्ता.

“वहिनी, काहून कुटून राहिल्या जी? काय कुटून राहिल्या?”

मला परपुरुषासमोर बोलायची सवय नव्हती. मी खलबत्ता उचलून दाखवत असे.

“तिखट? मंग पाट्यावर वाटा ना! वाटलं तं हादरा बसत नाही.”

त्या वर्षांत मी तिखट वाटलं, शेंगदाण्याचं कूट वाटलं, सुंठसुद्धा वाटली. सुंठ वाटून पाहा एकदा, म्हणजे विज्ञानाची किंमत कळेल.

खडा म्हटलेलं त्यांना चालत नसे. “स्फटिक म्हणा. खडा रस्त्यावर पडलेला राह्यते.” गल्ली खडाच म्हणायची. तर त्याचं असं होतं. काचेच्या मोठ्या हंडीत गरम पाणी, त्यात एका जातीचं मीठ इतकं विरघळवलेलं की आणखी चिमूटभरही मावू नये. मधे बारीक दोऱ्याला टांगलेलं त्याच मिठाचं तांदळाएवढं बी. मग रोज पाणी थोडं, अगदी थोडं निववत जायचं. पाणी निवलं की त्याला एवढं मीठ पेलवत नाही, ते उतरून बीवर बसतं, आणि बी वाढतं. तीन महिने. धोटे मूळचे काटोलकडचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. ते या सगळ्याला पेरणी म्हणत. “औंदा पेरणी उशिरा झाली,” असं दिवाळीत म्हणाले, की समजायचं हंडी मांडली.

“पाण्यानं मीठ तुडुंब पिलेलं राह्यते, वहिनी. त्याले बसाले जागा पाह्यजे. धुळीचा एक कण जरी आत पडला ना, तं बी सोडून सारं तिकडे धावते. वरातच निघते. मंग खालून वरून सगळीकडे बारीक खडे, आणि आपलं मोठं पीक गेलं!”

हा निर्मळ खडा लेसर नावाच्या यंत्रात बसवायचा असतो. डोळ्यांना न दिसणारा किरण एका बाजूनं आत घालायचा, दुसऱ्या बाजूनं हिरवा बाहेर पडतो. हे ते पडवीत उभे राहून समजावत होते तेव्हा त्यांच्या बायकोनं, कमलताईंनी, तांदूळ निवडता निवडता विचारलं, “दिसतच नाही तं आत गेला हे कसं समजते जी?”

“पलीकडून हिरवा निघते म्हणून.”

“आणि नाही निघाला तं?”

“तं खडा खराब.”

“मंग आत काही गेलंच नसंल, असं काहून नाही म्हनत?”

धोटे आत निघून गेले. अर्थात टाचा उचलून.

कमलताईंचा आवाज खणखणीत होता, हातात बांगड्या डझनभर, आणि चाल अशी की परातीतल्या पाण्याला भरती यावी. खड्याच्या खोलीत जायची त्यांना बंदी होती. बंदी सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा त्या केर काढायला आत गेल्या होत्या आणि धोट्यांनी “बांगड्या काढून ये!” असं म्हटलं होतं. सवाष्ण बाईला असं म्हणतात का? कमलताईंनी केरसुणी तिथेच टाकली. “या खोलीत पुन्हा पाय ठेवला तं बापाचं नाव नाही लावनार,” म्हणाल्या, आणि खरंच ठेवला नाही. तेव्हापासून त्या खड्याला सवत म्हणत.

“काय वं बाई, माह्या सवतीले आज ताप किती?” असं मला खिडकीतून विचारत.

मला विचारत, कारण ताप मी मोजत असे. धोटे कॉलेजात गेले की हंडीतला पारा पाहायला कुणीतरी हवं होतं, आणि गल्लीत आवाज न करता चालणारी मी एकटी. एकदा त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, “वहिनींले अंक येतात का जी?” हे म्हणाले, चौथी पास आहे. धोटे म्हणाले, “बस झालं. एमेस्सीवाल्यांपेक्षा बरं. ते पाऊल आपटतात.” अंगणातल्या खिडकीतून पारा वाचायचा आणि खिडकीला टांगलेल्या पाटीवर आकडा लिहायचा, एवढं माझं काम. मी रोज आत पाहायची, आणि खरं सांगायचं तर मला खडा कधी दिसला नाही. निर्मळ खडा पाण्यात दिसतच नाही. दोरा दिसायचा, आणि दोऱ्याच्या टोकाला जिथे काहीच नाही तिथे पाणी किंचित वाकडं दिसायचं. ज्यासाठी मी सुंठ वाटत होते ते हे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मारबत काढतात, गल्लीगल्लीतून बडगे फिरवतात. रोगराई, महागाई, जे नको असेल त्याचा पुतळा करायचा आणि ओरडत गावाबाहेर नेऊन जाळायचा. एका वर्षी आमच्या गल्लीच्या बडग्याच्या पायात मोजे होते आणि छातीवर पाटी होती, ‘हालू नका’. डबे बडवत वरात आमच्या दारात आली. “हालू नका घेऊन जाय गे मारबत!” धोटे बाहेर आले. धोट्यांनी बडग्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “मोजे एकच जोड काहून? मी दोन घालतो.” मग म्हणाले, “डबे विहिरीच्या पलीकडे जाऊन वाजवा.” पोरांची सगळी मजा त्यांनी अशी घालवली. बडग्याच्या अंगातला सदरा त्यांचाच होता, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. तो कमलताईंनी दिला होता.

त्यांना मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणत, बरंच आहे, रडलं असतं तर हलवून झोपवता आलं नसतं. मीही हसले होते.

आता त्या शेवटच्या पेरणीचं सांगते. त्याआधीची दोन पिकं गेली होती. एकाला मधूनच शिंगं फुटली, त्याचा आळ गिरणीवर आला. दुसरं दुधाळ झालं, त्याचा आळ पडवीत घरटं बांधणाऱ्या चिमणीवर. धोट्यांच्या हातून कधीच काही बिघडत नसे. जे बिघडे ते गल्लीमुळे. शेवटी दूरच्या कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. होळीपर्यंत लिंबाएवढा निर्मळ खडा पाठवा, नाहीतर हे काम दुसरीकडे देऊ आणि हंडी, हीटर, सगळं सामान कॉलेजच्या कोठीत जमा करा. ते पत्र धोट्यांनी आमच्या ह्यांना पडवीत वाचून दाखवलं, दोनदा. वीस वर्षं ते हेच करत होते. कॉलेजात त्यांना ‘मीठवाले’ म्हणत, तेही त्यांनीच सांगितलं. “एक निघू द्या भाऊ. एक. मंग काय म्हनायचं ते म्हना.”

पेरणी दिवाळीनंतर झाली. त्या हिवाळ्यात थंडी कडक होती आणि वीज सारखी जायची. वीज गेली की धोटे घरभर पांघरुणं गोळा करत आणि हंडीभोवती गुंडाळत. एका पहाटे कमलताई कुडकुडत आमच्याकडे चहाला आल्या. “माह्या लग्नातली शाल पांघरली त्याले. मले म्हने, तू चुलीजवळ बस.” आमचे हे रात्री हसून हसून मला म्हणाले, तुझी गोधडी लपवून ठेव. दुसऱ्या दिवशी ती गोधडीही गेली.

पण या वेळी पीक साधलं. माघाच्या दुसऱ्या आठवड्यात धोटे मला खिडकीतून म्हणाले, “वहिनी, लिंबू झालं. आणखी तीन हप्ते.” आणि पहिल्यांदाच ते त्या खोलीत टाचा टेकवून उभे होते.

माघाच्या अमावास्येला सूर्यग्रहण आलं. मोठं होतं, पेपरात रोज त्याचंच. बायका घाबरल्या होत्या. धोट्यांनी आदल्या दिवशी गल्लीत उभं राहून भाषण दिलं. “सावली आहे ते! सावलीनं कोनाचं दूध नासलं? मी उद्या ग्रहणात चिवडा खाईन.” आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच चिवड्याचा पुडा आणि काजळी धरलेली काच घेऊन, पोरांना ग्रहण दाखवायला कॉलेजच्या गच्चीवर गेले. मला सांगून गेले, दोन वाजता पारा पाहा आणि चार वाजता पाहा.

मी पाहिला नाही. ग्रहणात अंगणात कोण जाईल? पाटीवर सकाळचाच आकडा पुन्हा लिहीन असं मी ठरवलं होतं.

त्या दुपारी मी कमलताईंकडे बसले होते. दारं बंद, चूल बंद, दोघी जप करत होतो. साठवणीच्या प्रत्येक गोष्टीत तुळशीचं पान टाकलेलं, माठात, दुधात, लोणच्यात. पान नसेल ते पाणी ग्रहण सुटल्यावर ओतून द्यायचं असतं, त्याला विटाळ लागतो. अमावास्येला तुळस तोडत नाहीत म्हणून मी आदल्या दिवशीच तोडून वाटीत ठेवली होती. कमलताई विसरल्या होत्या, म्हणून माझीच वाटी आम्ही दोन्ही घरांत वापरली. वाटीत शेवटी एक पान उरलं.

ग्रहण लागायच्या बेतात कमलताई जप करता करता थांबल्या.

“काय वं बाई, त्या हंडीतलं पानी?”

मी वाटीत उरलेल्या पानाकडे पाहिलं.

“तीन महिन्यांचं पानी आहे ते. त्याले विटाळ लागला तं? ते तं मानत नाही. पन ग्रहन थोडंच त्याइले इचारून येते?”

त्यांनी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, वाजू नयेत म्हणून पदर वरून गुंडाळला, वाटीतलं पान उचललं आणि त्या खोलीचं दार उघडलं. सहा वर्षांनी. आवाज न करता चालल्या, कशा चालल्या देव जाणे. झाकण सरकवलं, पान सोडलं, हात जोडले आणि परत येऊन जपाला बसल्या.

“बापाचं नाव गेलं आता,” म्हणाल्या.

मी त्यांना अडवू शकले असते. धुळीच्या कणाची गोष्ट मी दहा वेळा ऐकली होती. पण मला तेव्हा ते बरोबर वाटलं. माझ्या माठातही मी पान टाकलंच होतं ना.

ग्रहण सुटलं. मी घरी येऊन अंघोळ केली आणि अंगणात धुणं वाळत घालत होते, तेव्हा धोटे आले. खुशीत होते, नाकाला काजळी लागली होती. मोजे चढवले आणि आत गेले. मी खिडकीतून पाहिलं. हंडीच्या तळाशी मिठाचे बारीक खडे साचले होते, भिंतींना चिकटले होते, आणि मधे दोऱ्याला एक पांढरा शुभ्र गोळा लटकत होता, साखरेत घोळवलेल्या लाडवासारखा.

धोटे मागच्या दारानं अंगणात आले. तळहातावर ओलं पान होतं. मला वाटलं, आता गल्ली हादरेल.

“ही तुळस तिनं टाकली?” त्यांनी हळू विचारलं.

मी मान हलवली.

“आत गेली होती? आपल्या मनानं?”

मी पुन्हा मान हलवली. मग मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी इतकं लांब कधी बोलले नव्हते. “पान माझं होतं,” मी म्हणाले. “त्या म्हणाल्या, तीन महिन्यांचं पाणी आहे, विटाळ नको लागायला. बांगड्या वर सारून गेल्या.”

धोटे पानाकडे पाहत राहिले. त्यांच्या नाकावरची काजळी गालापर्यंत ओघळली होती. पान त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

तेवढ्यात कमलताई न्हाऊन, केस पंच्यात गुंडाळून दारात आल्या. “पाह्यलं का जी? ठीक आहे ना माही सवत?”

“ठीक आहे,” धोटे म्हणाले. “पाहाले ये.”

मला खिडकीपासून हलता आलं नाही. कमलताई हंडीजवळ गेल्या, वाकल्या, आणि त्यांचा खणखणीत आवाज एकदम बारीक झाला. “अवं माय! किती गोजिरं! इतके दिवस लोक सांगत, मले तं वाटे आत काहीच नाही. आज दिसलं बापा!”

“हो,” धोटे म्हणाले. “आज दिसून राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी गल्लीला कळलं की पीक गेलं. गिरणीवाला आधीच हात जोडून दारात उभा राहिला, आदल्या दिवशी आपण गिरणी उघडलीच नव्हती असं सांगायला. धोटे त्याला म्हणाले, “तुमचं काही नाही जी. माह्याच हातानं हीटर बंद राह्यला. माही चूक.” गिरणीवाला घाबरून घरी गेला. त्याला वाटलं, डॉक्टरांची तब्येत बिघडली. प्रयोगशाळेलाही त्यांनी तेच लिहिलं. आमच्या ह्यांनी ते पत्र टपालात टाकलं.

होळीच्या आत कॉलेजचा शिपाई येऊन सामान घेऊन गेला. खोली रिकामी झाली. मी त्याच आठवड्यात खलबत्ता बाहेर काढला आणि पोटभर कुटून घेतलं, हे कबूल करते.

पांढरा गोळा कमलताईंनी देवघरात ठेवला, महादेवाच्या शेजारी. धोट्यांनी एकच अट घातली. याच्यावर पाणी घालायचं नाही. अभिषेक नाही, ओलं फूल नाही, नुसता कोरडा बेल. कारण काही सांगितलं नाही. कमलताईंना ते एखाद्या कडक देवाचं सोवळं वाटलं, त्यांनी ते मनापासून पाळलं.

पण पावसाळा आला. नागपूरची हवा अशी दमट झाली की पापड वाकायला लागले, आणि गोळ्यालाही घाम फुटू लागला. तेव्हापासून धोटे रोज सकाळी, अंघोळ करून, देवघरासमोर मांडी घालून बसायला लागले. कोरड्या मलमलच्या तुकड्यानं गोळा चहूबाजूंनी टिपायचे, खालचा पाट पुसायचे, मग तो अलगद जागेवर ठेवायचे. पंधरा मिनिटं तरी जात. कमलताई मागे बसून वाती वळत.

“आमचे हे सुधरले वं बाई,” त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. “त्या ग्रहनाचं फळ, पूजा करून राह्यले. रोज! मी म्हनलं नव्हतं, त्या पानात गुन आहे?”

मंदिरातल्या बायका धोट्यांकडे आदरानं पाहू लागल्या. कॉलेजातही बातमी पोचली, की मीठवाले शेवटी देवाला लागले. धोटे यातलं काहीच नाकारत नसत. चार महिने, एकही सकाळ न चुकवता, ते तो गोळा पुसत राहिले.